रिबिनीखालून

रुग्णालयातली ती खोली पूर्ण तयार होती, आणि हीच तिची अडचण होती. अर्धवट खोलीत निदान सिमेंटची पोती तरी ठेवता येतात. पूर्ण झालेल्या सरकारी खोलीत उद्घाटनाखेरीज दुसरं काही करता येत नाही.

खोली रक्तसाठ्याची होती. भिंतींना छातीपर्यंत पांढऱ्या फरशा, कोपऱ्यात माणसाच्या उंचीचा फ्रीज, ओट्यावर रक्त जुळवून बघायची सामग्री, आणि परवाना काचेच्या चौकटीत घालून असा टांगलेला, की कुणा दिवंगत पूर्वजाचा फोटो वाटावा. वीज होती, वीज गेली तर जनरेटर होता. रक्त तेवढं नव्हतं. शहरातली रक्तपेढी पिशव्या पाठवायला तयार होती, पण खोली सुरू झाल्याचं कळवा, मग पाठवतो, असं तिचं म्हणणं. खोली सुरू करायची तर दाराला बांधलेली लाल साटीनची रिबीन कापायला हवी. आणि रिबीन कापायला मंत्री हवेत.

मंत्री येणारच होते. एकदा तर घरातून निघालेही होते, पण वाटेत त्यांचं खातं बदललं. नव्या मंत्र्यांचं नाव जुन्यापेक्षा लांब, ते संगमरवरी पाटीवरच्या मोकळ्या जागेत मावेना, म्हणून नवी पाटी करायला टाकली. ती आली तेव्हा मंत्री परदेशी होते. आरोग्यव्यवस्था कशी चालवतात, हे बघायला गेले होते.

तोवर खोली खराब होऊ नये, याकडे सगळ्यांचं बारीक लक्ष होतं. झाडणाऱ्या मावशी रोज सकाळी रिबिनीखालून वाकून आत जायच्या, फरशी पुसायच्या, फ्रीजवरची धूळ झटकायच्या आणि पुन्हा वाकून बाहेर यायच्या. फ्रीज बंद ठेवला तर बिघडतो, म्हणून तो चालूच असायचा. लॅबवाला त्याचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवायचा, तोही वाकूनच. रिकाम्या फ्रीजला ताप आला असता, तर त्या इमारतीत तो सर्वांत आधी कळला असता.

त्या रिबिनीचं फूल शिवलं होतं टाचणीनं.

टाचणी म्हणजे रुग्णालयासमोरच्या गल्लीत शिवणाचं दुकान चालवणारी बाई. काम करताना ओठात टाचण्या धरायची सवय, त्यामुळे बोलणं बेताचं. आणि टाचण्या काढून बोलली, की समोरच्याला काहीतरी टोचायचंच. नाव चिकटायला दोन कारणं पुरेशी होती. तोंडावर मात्र सगळे काकू म्हणायचे. रुग्णालयाचे पडदे, सिस्टरांचे गणवेश, साहेबांच्या ढिल्या झालेल्या विजारी, सगळं तिच्याकडेच यायचं. त्यामुळे एक दिवस रुग्णालयाचा कारकून येऊन म्हणाला, "काकू, एक मोठं लाल फूल करून द्या, कार्यक्रम आहे," तेव्हा तिनं कसला कार्यक्रम हे विचारलं नाही. कारकून जाता जाता म्हणाला, "फार मेहनत घेऊ नका. आठवडाभर टिकलं तरी पुरे."

"आठवड्याचा माल आमच्याकडे शिवत नाहीत," ती म्हणाली, आणि प्रत्येक पाकळीला दुहेरी टाका घातला.

त्यानंतर काही महिन्यांनी तिची सून त्याच रुग्णालयात बाळंत झाली. मुलगी झाली, मुलगी रडली, बाकीचे हसले. मग सुनेचं रक्त थांबेना. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, आणि टाचणीचा मुलगा मोटरसायकलवरून घाटापलीकडच्या शहरात रक्त आणायला गेला. तो गेल्यावर डॉक्टरांना वाटलं, आता वाट बघण्यात अर्थ नाही, बाईलाच पाठवूया. रक्त इकडे यायला निघालं आणि सून तिकडे जायला निघाली. घाटातल्या एका वळणावर समोरून भोंगा वाजवत रुग्णवाहिका आली, तेव्हा मुलानं शहाण्या नागरिकासारखी गाडी बाजूला घेऊन तिला वाट करून दिली. बर्फाचा डबा त्याच्या पाठीवर होता. रुग्णवाहिकेत कोण होतं, हे त्याला रुग्णालयात पोचल्यावर कळलं.

मातामृत्यू झाला की समिती बसते. तशी बसली. कारण शोधलं, आणि ते एका ओळीत मावलंही: 'नातेवाइकांकडून विलंब.'

मुलगा त्यानंतर घाटाच्या रस्त्यानं कधी गेला नाही. नात आजीच्या शिवणयंत्राखाली चिंध्यांशी खेळत रांगायला लागली. आणि टाचणीच्या लेकीला, जी दोन गल्ल्या सोडून राहायची आणि पोस्टात खिडकीवर बसायची, दिवस राहिले.

सहावा महिना संपता संपता लेकीची तपासणी झाली. दुसऱ्याच दिवशी रुग्णालयातल्या थोरल्या सिस्टर गणवेशाचं माप द्यायला दुकानात आल्या. माप जुनंच होतं. टाचणीनं तरी फीत काढली, कारण माणूस कशाला आलंय हे तिला कळायचं.

"काकू, लेकीची वार खाली आहे," सिस्टर म्हणाल्या. "बाळाच्या वाटेवर आडवी बसलीय. वर सरकली तर ठीक. नाही सरकली तर पोट उघडून बाळ काढावं लागेल, आणि रक्त खूप जाईल. त्याआधीही केव्हाही जाऊ शकतं, सांगून येत नाही. तिला इथे ठेवू नका."

टाचणीनं ओठातल्या टाचण्या काढल्या. "शस्त्रक्रिया इथे होत नाही?"

"होते की. डॉक्टर चांगले आहेत."

"मग काय नाही?"

"रक्त नाही."

"आणि ठेवायला जागा नाही."

सिस्टर हात वर करून माप देत तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "जागा आहे." आणि खोलीचं सगळं सांगून टाकलं. सांगताना त्यांचे हात वरच राहिले होते. बघणाऱ्याला वाटलं असतं, कुणी बंदूक रोखलीय.

टाचणी फीत गळ्यात तशीच ठेवून सिस्टरांबरोबर रस्ता ओलांडून गेली. बाळंतकक्षाच्या पलीकडे, वळणाआड, जिथे नातेवाइकांना जाऊ देत नाहीत, तिथे ते दार होतं. तिनं फूल ओळखलं. रंग थोडा उडाला होता, पण एक टाका सुटला नव्हता. तिनं बोटानं पाकळी उलटून आतली शिवण बघितली. आपल्या कामाचा इतका राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता.

"माझी सून गेली तेव्हा हे इथेच होतं?" तिनं विचारलं.

"इथेच होतं," सिस्टर म्हणाल्या.

अधीक्षक माणूस वाईट नव्हता. रुग्णालयातली निम्मी बाळंतपणं तो स्वतः करायचा, आणि सुनेच्या वेळची चिठ्ठीही त्यानंच लिहिली होती. टाचणीला त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. चहा येतोय म्हटल्यावर तिनं ओळखलं, काम होणार नाही.

"काकू, माझ्या हातात असतं तर आत्ता उघडली असती."

"दार हातानंच उघडतं ना?"

"तसं नाही हो. उद्घाटनाआधी वापर केला आणि वर कळलं, तर? मंत्र्यांनी फीत कापायची आणि आत आधीच रुग्णांचं रक्त, बरं दिसेल का ते?"

"रक्त फ्रीजमध्ये असेल. बाहेर असलं की बरं दिसत नाही. ते मी बघितलंय."

अधीक्षकानं चहाचा कप तिच्याकडे सरकवला. मग त्यानं उपाय सुचवला: शेवटचे दोन महिने लेकीनं शहरात जाऊन राहावं, मोठ्या रुग्णालयाजवळ.

"तिथे विचारलं. ते म्हणतात, कळा सुरू झाल्यावर या, आधी खाट देत नाही. खोली भाड्यानं घ्यावी, तर जावयाची नोकरी इथे. एकटी ठेवू? आणि तुमच्याकडे महिन्याला किती बायका येतात, साहेब? सगळ्यांनी शहरात खोल्या घ्यायच्या? मग ही कशाला बांधली?"

अधीक्षक म्हणाला, "तुमचं म्हणणं मी वर कळवतो." वर म्हणजे कुठे, हे त्यालाही नीट माहीत नसावं, बोलताना त्यानं पंख्याकडे बघितलं.

घरी नवरा नातीला भरवत बसला होता. आयुष्यभर पाणीपुरवठा खात्यात फायली हलवून तो निवृत्त झाला होता. फायलींबद्दल त्याला ममत्व होतं आणि त्यांच्या वेगाबद्दल गाढ श्रद्धा.

"अगं, असं एकदम होत नसतं," तो म्हणाला. "आपल्याकडे म्हणतातच ना, सरकारी काम आणि सहा महिने थांब."

"लेकीला एकूण नऊ मिळतात. त्यातले सहा तिनं सरकारला न विचारता संपवले."

"मी आपली पद्धत सांगतोय."

"अहो, पद्धत तुम्ही सांगायची आणि घाटात मुलानं थांबायचं." बोलून झाल्यावर तिला वाईट वाटलं. नवऱ्यानं नातीचं तोंड पुसलं, मग नुकतंच पुसलेलं तोंड पुन्हा पुसलं.

"कुणाला भेटायचं ते सांग," तो म्हणाला. "मी येतो बरोबर. फाईल कुठे झोपते ते मला कळतं."

पण फाईल झोपली नव्हतीच. फाईल नव्हतीच. नवरा चार कार्यालयं फिरून आला आणि थोडा हादरलेला दिसला. खोली बांधल्याची फाईल होती, फरशा बसवल्याची होती, पाटीची तर दोन होत्या. खोली बंद ठेवण्याची एकही नव्हती. इतकी वर्षं नोकरी करून कागदाशिवाय काही बंद राहू शकतं, हे त्यानं प्रथमच पाहिलं होतं.

त्याच आठवड्यात वकीलबाई कोट घ्यायला आल्या. काळा कोट खांद्याला ओढत होता, तो सैल करायला टाकलेला. आरशासमोर उभ्या राहून त्यांनी हात पुढे-मागे करून बघितले, आणि टाचणीनं कोटाच्या पाठीशी उभं राहूनच सगळी हकीकत सांगितली. तोंडात टाचण्या असल्यामुळे निम्मं बोलणं नाकातून आलं, पण वकीलबाईंना अशिलांची सवय होती.

"काकू, तुम्ही खोली उघडा म्हणून विनंती करता ना, तिथे चुकतं," त्या म्हणाल्या. "विनंती केली की समोरचा दयाळू होतो. दयाळू माणसाला सवड असते. बाळंतपणात बाईला जिवंत ठेवणं ही काही सरकारची मेहरबानी नाही, तिचा हक्क आहे तो. सरकार ते देणं लागतं. कशानं बाई मरते ते सरकारला माहीत आहे, उपाय त्यानंच पैसे घालून बांधलाय, आणि वर फुलाची गाठ मारलीय. याला नशीब नाही म्हणत. हा निर्णय आहे. आणि निर्णय असला की तो घेणारा असतो. तुम्ही फक्त एवढंच विचारा, तो कोण?"

"कुणाला विचारू? सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात."

"मग सगळे एका खोलीत बसतील तिथे विचारा. बोटं दाखवायला लांब जावं लागणार नाही."

अशी जागा होती. मातामृत्यू समितीची तिमाही बैठक. नव्या परिपत्रकाप्रमाणे मृताच्या नातेवाइकांनाही बोलावून त्यांचं म्हणणं ऐकायचं होतं. ऐकून पुढे काय करायचं, हे परिपत्रकात नव्हतं. म्हणून आजवर कुणाला बोलावलं नव्हतं. वकीलबाईंनी परिपत्रक दाखवल्यावर नाइलाज झाला, आणि टेबलाच्या शेवटच्या टोकाला, दाराच्या वाऱ्यात, एक खुर्ची वाढवली गेली. एकच. वकीलबाई शेजारी उभ्या राहिल्या. नवरा दाराबाहेर नातीला कडेवर घेऊन उभा राहिला, आणि आत डोकावणाऱ्या शिपायाला त्यानं आपण पाणीपुरवठ्यातले असल्याचं सांगितलं.

अध्यक्षस्थानी आरोग्य अधिकारी होते. मोठे साहेब. त्यांचा आवाज मऊ होता; तो वर्षानुवर्षं सांत्वनासाठी वापरला गेला होता.

"बोला काकू. मोकळेपणानं बोला. मन हलकं करा."

टाचणी कामावरून तशीच आली होती. तिनं ओठातल्या टाचण्या काढून पदराआडच्या उशीला खोचल्या. "मन जड आहे ते घरी ठेवून आले. इथे प्रश्न विचारायला आले. रक्ताची खोली कुणी बंद ठेवली?"

"बंद नाही हो. सुरू व्हायची आहे."

"ती सुरू न करायचा निर्णय कुणाचा?"

मोठ्या साहेबांनी अधीक्षकाकडे बघितलं. अधीक्षक म्हणाला, "वरून आदेश नव्हते, सर."

"उघडण्याचे नव्हते, की न उघडण्याचे होते?" वकीलबाईंनी विचारलं.

अधीक्षक गोंधळला. "उघडण्याचे नव्हते."

"रुग्णालयातली बाकीची दारं कुठल्या आदेशानं उघडता?"

यावर कुणीतरी खोकलं. मोठे साहेब म्हणाले, "हे पाहा, असे लेखी आदेश नसतात. ही एक पद्धत आहे. लोकार्पण होतं, मग वापर. सगळीकडे असंच चालतं."

"पद्धतीनं माणूस मेलं, तर कारणाच्या जागी कुणाचं नाव लिहायचं?" टाचणी म्हणाली. "तुम्ही आमचं लिहिलंत. माझा मुलगा रक्त आणायला गेला, त्याला तुम्ही विलंब म्हणालात. तो आणायला का गेला? आणायची गोष्ट त्याच्या बायकोपासून चार दारांवर ठेवायची होती. जागा होती. फ्रीज होता. फूलसुद्धा होतं, ते मीच शिवलंय, त्यामुळे मला माहीत आहे."

"काकू, तुमचं दुःख आम्ही..."

"साहेब, माझ्या लेकीला आता आठवा लागेल. वार सरकलेली नाही. तुमचे मंत्री कधी येणार ते मला नका सांगू. ती बाळंत होईल तेव्हा खोलीत रक्त असेल की नाही, एवढं सांगा. नसेल, तर कोण म्हणतंय नसेल, ते नावानिशी सांगा. मी त्यांच्या घरी जाते."

टेबलाभोवती सगळ्यांनी आपापल्या कागदांत डोकं घातलं. जो तो दुसऱ्याच्या नावाची वाट बघत होता. तेवढ्यात कोपऱ्यात टिपणं घेत बसलेल्या थोरल्या सिस्टर म्हणाल्या, "सर, खोलीत मावशी रोज जातात."

"कोण जातं?"

"झाडणाऱ्या मावशी. आणि लॅबवाला."

"रिबीन असताना? कसे?"

"वाकून, सर."

मोठ्या साहेबांना हे नवीन होतं. त्यांनी हातानं हवेत एक रिबीन धरून तिच्याखालून माणूस कसा जाईल, याचा अंदाज घेतला.

"झाडू खालून जातो," टाचणी म्हणाली, "तर रक्ताची पिशवी का नाही? ती तर झाडूपेक्षा आखूड आहे."

मोठे साहेब विचार करत होते. ते दुष्ट नव्हते. जे होईल ते कुणी केलं, हे कुठे दिसू नये, एवढीच त्यांची नोकरीतली अट असायची. शेवटी त्यांचा चेहरा उजळला.

"उद्घाटन म्हणजे लोकार्पण," ते म्हणाले. "पण त्याआधी यंत्रणा तपासून तर बघायला हवी. मंत्र्यांसमोर फ्रीज बंद पडला तर? ही चाचणी. चाचणी म्हणजे लोकार्पण नव्हे."

"चाचणीत रक्त खरं असतं?" टाचणीनं विचारलं.

"खरंच असतं."

"मग नाव काहीही द्या. बारसं तुमचं."

"आणि चाचणी संपणार कधी?" वकीलबाई.

"उद्घाटनापर्यंत चालू राहील."

"लेखी द्या. खाली सही कुणाची, ते आत्ता ठरवा. आम्ही थांबतो."

कागद तिथेच लिहिला गेला आणि टेबलावरून फिरू लागला. मोठ्या साहेबांचं पेन नेमकं वाळलं होतं. त्यांच्या शेजारच्यानं चष्मा आणला नव्हता. तिसरा म्हणाला, माझी सही चालणार नाही, मी प्रभारी आहे. असा फिरत फिरत तो अधीक्षकासमोर आला. त्यानं कागद वाचला, मग टेबलाच्या टोकाला बसलेल्या बाईकडे बघितलं. त्यानं खिशातून पेन काढलं, तेच ज्यानं त्या दिवशी चिठ्ठी लिहिली असावी, आणि पूर्ण नावानं सही केली.

"झालं समाधान?" मोठ्या साहेबांनी मऊ आवाजात विचारलं.

"अर्धं. सुनेच्या कागदावरचं कारण चुकीचं आहे. ते बदला."

"काकू, तो विषय आता बंद झालाय."

"बंद नाही," टाचणी उठता उठता म्हणाली. "सुरू व्हायचा आहे."

पुढच्या आठवड्यात शहरातून पिशव्या आल्या. लॅबवाल्यानं त्या वाकून आत नेल्या. रिकाम्या फ्रीजचं तापमान लिहून लिहून त्याची पाठ धरली होती, पण त्या दिवशी तो उगाचच दोन-तीनदा आत-बाहेर करून आला.

लेकीला रक्त जायला लागलं ते भर दुपारी, पोस्टाच्या खिडकीवर, एका गृहस्थाला तिकिटं देताना. आधी तिनं त्याचे सुटे पैसे परत केले, मग शेजारणीला म्हणाली, "मला उचल." पोस्टाच्याच गाडीतून, पार्सलांच्या मधोमध, तिला रुग्णालयात आणलं. अधीक्षक हात धुऊन तयार झाला. टाचणी पोचली तेव्हा शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार मिटलं होतं, आणि बाहेर जावई भिंतीला असा टेकला होता, की भिंत त्यानंच धरून ठेवलीय असं वाटावं. नवरा नातीला घेऊन आला आणि आज त्यानं कुठलीही म्हण सांगितली नाही.

वळणावरून रक्ताच्या खोलीचं दार दिसत होतं. आता तिथे नातेवाइकांना कुणी अडवत नव्हतं, कारण अडवायला कुणी मोकळंच नव्हतं. थोरल्या सिस्टर धावत आल्या, वाकल्या, आत गेल्या, पिशवी छातीशी धरून वाकून बाहेर आल्या. थोड्या वेळानं पुन्हा. तिसऱ्या खेपेला घाईत त्यांची टोपी फुलात अडकली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं टोपी सोडवायची. दुहेरी टाका काही सुटेना. सिस्टरनी टोपी तिथेच फुलावर सोडली आणि पळाल्या.

टाचणी त्या दाराशी गेली. टोपी सोडवली. मग तिनं बाळंतकक्षातलं स्टूल ओढलं, वर चढून रिबीन दोन्ही हातांनी धरली, चौकटीवर टांगलेल्या पडद्याच्या पट्टीपर्यंत नेली, ओठांतून एक टाचणी काढली आणि खोचली. मग दुसरी. झाल्याबरोबर उतरून, मागे सरकून बघितलं, जशी ती झग्याची किनार बघायची, आणि उजवी बाजू थोडी उतरलीय असं वाटून पुन्हा चढून तिसरी लावली. रिबीन सरळ बसली, तसं तिनं स्टूल बाजूला सारलं.

कारकून धावत आला. "काकू, कापू नका हं!"

"कापायची असती तर कात्री आणली असती. उंच करतेय."

"पण कुणी विचारलं तर?"

"चाचणी म्हणा."

त्यानंतर सिस्टर आल्या त्या न वाकता आत गेल्या. फूल वर लागलंय, हेही त्यांच्या लक्षात आलं नाही. टाचणी मात्र तिथेच दाराच्या कडेला उभी राहिली, आणि जाणारी प्रत्येक पिशवी डोळ्यांनी शस्त्रक्रियेच्या दारापर्यंत पोचवून येत राहिली.

अधीक्षक बाहेर आला तेव्हा त्याच्या कपड्यांकडे बघवत नव्हतं. "मुलगा आहे. रडतोय," तो म्हणाला. जावयानं भिंत सोडली. टाचणी हलली नाही. रडणारं बाळ तिनं याआधीही ऐकलं होतं.

"आणि लेक?"

"रक्त थांबलं. शुद्धीवर येतेय." तो जरा थांबला. "मला विचारत होती, खिडकीवरचा हिशेब कुणी लावला का."

तेव्हा कुठे टाचणी बाकावर बसली. नात तिच्या मांडीवर चढली आणि गळ्यातली फीत ओढू लागली. नवऱ्यानं पाण्याची बाटली पुढे केली. आयुष्यभराच्या खात्याला शोभेल अशा तत्परतेनं.

मंत्री शेवटी आले. लेकीचं बाळ तेव्हा मान धरू लागलं होतं. मंडप घातला, पाटी धुतली, सगळे दाराशी जमले, आणि मग लक्षात आलं, की रिबीन मंत्र्यांच्या हाताला लागत नाही. ती खाली घ्यायची तर टाचण्या काढायला हव्या होत्या, आणि त्या इतक्या आतून लावलेल्या, की कुणाला सापडेनात. शेवटी बाळंतकक्षातलं स्टूल आणलं. मंत्री स्टुलावर चढले, एका अंगरक्षकानं त्यांची कंबर धरली, आणि कचकन कापून त्यांनी खोली जनतेला अर्पण केली. खाली उतरून त्यांनी माइक हातात घेतला आणि "आजपासून एकाही मातेला रक्तावाचून..." असं म्हणतायत तोच मागून आवाज आला.

"साहेब, जरा बाजूला होता? आत एक बाई आहे."

थोरल्या सिस्टर होत्या. मंत्री बाजूला झाले. त्या आत गेल्या, पिशवी घेऊन बाहेर आल्या आणि वळणाआड दिसेनाशा झाल्या. भाषण पुढे सुरू झालं, पण मंत्र्यांना वाक्य कुठे सोडलं होतं, ते काही सापडलं नाही.

टाचणी त्या कार्यक्रमाला नव्हती. लाभार्थ्यांच्या रांगेत खुर्ची ठेवली होती, पण तिनं निरोप पाठवला, की दुकानात गर्दी आहे. खरं म्हणजे ती मुलासमोर बसली होती. मध्ये एक कोरा कागद होता. त्या दिवशी काय काय झालं, ते मुलानं पहिल्यांदाच सांगायला घेतलं होतं, आणि नवरा ते आपल्या वळणदार सरकारी अक्षरात लिहून घेत होता. चिठ्ठी कधी मिळाली. रक्तपेढीत किती थांबावं लागलं. वळणावर गाडी कुठे बाजूला घेतली. तिथे मुलगा गप्प झाला. नवऱ्यानं पेन उचलून धरलं आणि घाई केली नाही.

समितीची पुढची बैठक आली. टेबलाच्या टोकाला, दाराच्या वाऱ्यात, या वेळी खुर्च्या दोन होत्या. दुसरीवर मुलगा बसला.

मोठे साहेब प्रसन्न होते. "अभिनंदन काकू. नातू कसा आहे? खोली तर आता झकास चालू आहे. आज काय काढलंत?"

टाचणीनं ओठातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि समोर टेबलावर ओळीनं मांडल्या. टाचण्या बऱ्याच होत्या. सगळे बघत राहिले.

"कारणाची ओळ," ती म्हणाली. "नातेवाइकांकडून विलंब, असं तुम्ही लिहिलंय. हा तो नातेवाईक. याचं ऐकून घ्या, मग खोडा. आणि खोडल्यावर तिथे काय लिहायचं, ते मी सांगते. अधीक्षकसाहेब, पेन आहे ना?"

अधीक्षकानं खिशाला हात घातला. पेन होतं.